जीपीएस ट्रॅक संगणकावर नीट कसा करावा: ठाणे-नवी मुंबईच्या भटक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा जवळ आला की ठाण्या-नवी मुंबईतल्या ट्रेकिंगच्या ग्रुपांवर ट्रॅकच्या, म्हणजे जीपीएसने नोंदलेल्या वाटेच्या, फायली फिरू लागतात. कुणी माहुलीची मागतं, कुणी इर्शाळगडाची, कुणाला खारघरच्या डोंगरावरचा सायकलचा रस्ता हवा असतो. यातल्या बऱ्याच फायली मोबाइलमधून निघाल्या तशाच पुढे ढकललेल्या असतात. वाट चुकून मागे फिरलेलं त्यात असतं, जेवायला बसलेल्या तासाभराचा गुंता असतो, परतीची लोकलसुद्धा असते. धुक्यात पुढचा माणूस दिसत नसताना नवखा भटक्या याच रेषेवर विसंबून पाऊल टाकतो. म्हणून ट्रॅक पाठवण्याआधी संगणकावर उघडून नीट करावा, असं मी भेटेल त्याला सांगत असतो. त्यावर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं मुख्यतः जीपीएसप्रून या मोफत सॉफ्टवेअरला धरून आहेत.

ट्रॅक मोबाइलवर दिसतो आणि अ‍ॅपमध्ये थोडाफार कापताही येतो. मग संगणक कशाला?

सुरुवात आणि शेवट छाटायचा असेल तर मोबाइल पुरतो. पण मधलाच एक बिंदू वाटेपासून चाळीस मीटर बाजूला उडालाय, तो बोटाने नेमका पकडून काढणं फार कटकटीचं होतं. मोठ्या पडद्यावर एकेक बिंदू दिसतो, त्याची वेळ, उंची आणि वेग शेजारी वाचता येतो, आणि चुकलं तर मागे घेता येतं.

जीपीएसप्रूनच का? दुसरं काही चालणार नाही का?

चालेल की. जीपीएसप्रून मी सुचवतो कारण ते विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं, जुन्या लॅपटॉपलाही झेपतं आणि त्याचं लक्ष एकाच कामावर आहे: आधीच नोंदलेला ट्रॅक तपासणं, छाटणं, दुरुस्त करणं.

पुढच्या ट्रेकची आखणी, स्वतःचे ऑफलाइन नकाशे, उंचीचे थर असं सगळं एकाच ठिकाणी हवं असेल तर क्यूमॅपशॅक जास्त ताकदीचं आहे, पण ते हाताशी यायला वेळ लागतो. त्याची एक पद्धत मला फार आवडते. त्याच्या बऱ्याच गाळण्या (फिल्टर) नको असलेले बिंदू पुसत नाहीत, फक्त लपवतात, त्यामुळे मूळ नोंद शाबूत राहते. जीपीएक्ससी दिसायला देखणं आणि वेगवान आहे, पण ते ट्रॅक पाहण्यासाठी आहे, बदलण्यासाठी नाही. गूगल अर्थ प्रो संपादनासाठी तोकडं पडतं. तपासणीला मात्र ते जरूर ठेवा, त्याचा उपयोग पुढे सांगतो.

फाइल उतरवली, पण डबल-क्लिक केलं की झिपसारखी उघडते. प्रोग्राम सुरू कुठे होतो?

जीपीएसप्रून जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं आहे आणि ते जार फाइल म्हणून येतं. संगणकावर जावा नसेल, तर फायली दाबून ठेवणारं एखादं सॉफ्टवेअर ती जार आपली समजून उघडतं. जावाचं मोफत रनटाइम बसवा, मग जार फाइलवर उजवं क्लिक करून ‘ओपन विथ’मधून जावा निवडा. ती दाबलेली फाइल मोकळी करून आतले तुकडे बाहेर काढू नका, त्याने काहीच सुरू होत नाही. लिनक्सचे उबंटू किंवा डेबियन हे प्रकार वापरणाऱ्यांना हा त्रास नाही. तिथे जीपीएसप्रून थेट सॉफ्टवेअरच्या भांडारातूनच बसवता येतं आणि जावाही सोबत येतो.

पहिल्यांदा सुरू केल्यावर कोणत्या सेटिंग्ज कराव्यात?

आधी नकाशाची पार्श्वभूमी चालू करा. ती ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशाची असते आणि इंटरनेटवरून येते. लगेच सेटिंग्जमध्ये जाऊन नकाशाचे तुकडे डिस्कवर साठवण्यासाठी एक फोल्डर नेमून द्या. एकदा पाहिलेला भाग मग पुन्हा उतरवावा लागत नाही, आणि ट्रेकच्या आदल्या रात्री गावात नेट नसलं तरी अडत नाही.

दुसरं, मदतनीस प्रोग्रामांचे पत्ते. फोटोंत जागा लिहायला एक्झिफटूल, इतर प्रकारच्या फायली वाचायला जीपीएसबेबल आणि आलेख काढायला नूप्लॉट लागतं. ही तिन्ही वेगळी बसवायची आणि ती कुठे आहेत ते सेटिंग्जमध्ये सांगायचं. गरज पडेल तेव्हा बसवलं तरी चालतं.

सगळं झालं की सेटिंग्ज जतन करा. खिडकी नुसती बंद केली तर केलेलं पुसलं जाऊ शकतं. पुढच्या वेळी ‘माझी सेटिंग गेली’ म्हणणाऱ्या बहुतेकांचं हेच झालेलं असतं.

माझ्या घड्याळातून फिट फाइल निघते. ती उघडत नाही.

जीपीएसप्रून फिट फाइल स्वतः वाचत नाही. जीपीएसबेबल बसवलं असेल तर त्याच्यामार्फत आत घेता येते, किंवा आधीच जीपीएक्समध्ये, म्हणजे ट्रॅकच्या सर्रास चालणाऱ्या फाइल-प्रकारात, बदलून घ्या. घड्याळाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनही बहुधा जीपीएक्स मिळते.

कुणी एक्सेलमधून अक्षांश-रेखांशांची यादी पाठवली असेल तर तीही उघडते, फक्त कोणत्या रकान्यात काय आहे ते विचारलं जातं. तिथे अक्षांश आणि रेखांश उलटे झाले तर ठाण्याचा ट्रॅक थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो. केएमएलमध्ये, म्हणजे गूगल अर्थच्या फायलींत, रेखांश आधी लिहितात, बाकी बहुतेक ठिकाणी अक्षांश आधी. गोंधळ इथून सुरू होतो. आपल्याकडे १९च्या आसपासचा आकडा अक्षांश, ७३च्या आसपासचा रेखांश, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. दशांशाची पाच स्थळं असली की साधारण मीटरभराची अचूकता मिळते. त्याहून लांब आकडे जपण्यात अर्थ नाही, कारण मोबाइलची नोंदच मोकळ्या आकाशाखालीही काही मीटर इकडेतिकडे असते.

चुकीचे बिंदू ओळखायचे कसे आणि काढायचे कसे?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी मूळ फाइलची प्रत करा आणि मूळ फाइलला कधीही हात लावू नका. नावातच ‘मूळ’ लिहा. मग प्रत उघडा आणि चार प्रकारच्या चुका शोधा.

पहिली चूक म्हणजे उडालेला बिंदू. दाट झाडीत, कड्याच्या पोटाशी किंवा घोडबंदर रोडच्या टॉवरांमधून जाताना उपग्रहाचा संदेश भिंतीवर आपटून येतो आणि बिंदू भलतीकडे पडतो. एक टोकदार सुळका बाहेर जाऊन परत येतो, तो हाच. त्यावर क्लिक करा आणि काढून टाका. ‘कॉम्प्रेस’ या पर्यायात असे उडालेले बिंदू आपोआप शोधणारी एक गाळणी आहे, पण तिने खूण केलेले बिंदू पुसण्यापूर्वी डोळ्यांनी पाहा.

दुसरी, थांब्याचा गुंता. माणूस टाक्यापाशी बसलेला असतो, पण नोंद काही मीटरांत थरथरत राहते आणि रेषेचं वेटोळं होतं. त्याने अंतर फुगतं आणि पुढच्याला तिथे आठ वाटा फुटतायत असं वाटतं. वेटोळ्याचा पहिला बिंदू निवडून रेंजची, म्हणजे निवडायच्या पट्ट्याची, सुरुवात ठरवा, शेवटचा निवडून रेंजचा शेवट ठरवा, मधलं पुसा. त्या जागी एक वेपॉइंट, म्हणजे नाव दिलेली खूण, ठेवा आणि ‘टाकं’ किंवा ‘विसाव्याची जागा’ असं नाव द्या.

तिसरी चूक सगळ्यात घातक: चुकलेली वाट. आपण डावीकडच्या ढोरवाटेने गेलो, पुढे कडा लागला, मागे फिरलो. फाइलमध्ये ती फांदी राहिली तर मागून येणारा तिथेच जाईल. जाण्याचा आणि येण्याचा असे दोन्ही भाग काढा. पण फांदी पुसून गप्प बसू नका. फाट्यावर वेपॉइंट ठेवून ‘डावीकडे जाऊ नये, पुढे कडा’ असं लिहा. चुकलेल्या वाटेची माहिती अनेकदा बरोबर वाटेपेक्षा मोलाची असते.

चौथी, सिग्नल गेल्यावर पडलेली सरळ रेष. मोबाइल सॅकच्या तळाशी गेला किंवा बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगने अ‍ॅप झोपवलं, की शेवटचा आणि पुढचा बिंदू सरळ रेषेने जोडला जातो. ती रेष दरीवरूनही जाऊ शकते. तिथे वाट अशी असावी म्हणून मनाने बिंदू भरू नका. त्याऐवजी तिथे ट्रॅकचे दोन तुकडे करा, म्हणजे मध्ये नोंद नाही हे वापरणाऱ्याला दिसेल. त्याच वाटेचा सोबत्याचा ट्रॅक असेल तर तेवढा भाग त्याच्याकडून घ्या.

शंका असेल तर ट्रॅक गूगल अर्थ प्रोमध्ये उघडून जुन्या उपग्रहचित्रांची पट्टी मागे सरकवा. पावसाळ्यातल्या हिरव्या चित्रात पायवाट दिसत नाही, फेब्रुवारी ते मे या महिन्यांच्या कोरड्या चित्रांत ती पांढुरकी उठून दिसते. चित्रंही काही मीटर सरकलेली असू शकतात, त्यामुळे सगळा ट्रॅक समांतर बाजूला दिसला म्हणून लगेच तो हलवू नका.

आसनगावला लोकलमध्ये बसलो आणि रेकॉर्डिंग ठाण्यापर्यंत चालूच राहिलं. आता?

बिंदूंना वेगानुसार रंग द्या, लोकलचा भाग वेगळ्या रंगात लगेच उठून येतो. चालण्याचा वेग ताशी चार-पाच किलोमीटर, त्यामुळे सीमा शोधायला अडचण नाही. स्टेशनातला शेवटचा चालण्याचा बिंदू सापडला की तिथून शेवटपर्यंतची रेंज पुसा. पायथ्यापर्यंतचा रिक्षाचा प्रवासही असाच काढा, पण रिक्षा जिथे सोडते त्या जागेला वेपॉइंट द्या.

फाइल फार मोठी आहे. बिंदू किती कमी करावेत?

दर सेकंदाला एक नोंद घेतली तर तासाला ३,६०० बिंदू होतात, सहा तासांचा ट्रेक २१,६०० वर जातो. मोबाइलला त्याचं काही वाटत नाही, पण हातात धरायच्या जीपीएस यंत्रांना एका ट्रॅकमधल्या बिंदूंची मर्यादा असते आणि जुन्या यंत्रांत ती फारच कमी असते. मर्यादा ओलांडली की काही यंत्रं शेवटचा भाग सरळ गाळतात, म्हणजे नेमकी उतरायची वाट जाते.

‘कॉम्प्रेस’मध्ये डग्लस-प्यूकर नावाची पद्धत आहे. ती सरळ भागातले जादा बिंदू काढते आणि वळणावरचे ठेवते. आकडा बदलत गेलात की किती बिंदू जाणार ते आधीच दिसतं. सायकलच्या ट्रॅकवर, म्हणजे पाम बीच रस्ता किंवा घोडबंदर रोडवर, सढळ हाताने कमी केलेत तरी बिघडत नाही. सह्याद्रीतल्या नाळेत, म्हणजे डोंगराच्या अरुंद घळीत, मात्र सांभाळून. तिथे वाट दहा-पंधरा मीटरांवर वळत नागमोडी चढते, आणि जास्त दाबलं की ती सगळी वळणं एका सरळ रेषेत मिटतात. ती रेष पाहून कुणीतरी घसाऱ्यावरून सरळ वर चढायला जाईल. कॉम्प्रेस केल्यावर चढाचा भाग मोठा करून मूळ ट्रॅकशी ताडून पाहा. एखादं वळण गेलं असेल तर मागे घ्या.

खाडीकाठी चालताना उंची उणे साठ मीटर दाखवते. जीपीएस बिघडलाय का?

बिघडलेला नाही. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासून. समुद्रसपाटी त्याहून वेगळी असते. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात हा फरक जगात सर्वांत मोठा, शंभर मीटरहून जास्त आहे, आणि मुंबई-ठाण्याकडेही समुद्रसपाटी त्या गणिती आकाराच्या साठेक मीटर खाली येते. चांगली यंत्रं ही दुरुस्ती स्वतः करतात, काही अ‍ॅप करत नाहीत.

जीपीएसप्रूनमध्ये संपूर्ण रेंज निवडून उंचीत ठरावीक आकडा मिळवता येतो. किती मिळवायचा? ट्रॅकमधला खाडीकाठचा किंवा ज्याची उंची पक्की माहीत आहे असा एखादा बिंदू घ्या आणि फरक काढा. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाट्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती या कामाला उत्तम.

एसआरटीएमची उंची घेतली तर जास्त अचूक होईल ना?

काही ठिकाणी होईल, काही ठिकाणी बिघडेल. एसआरटीएम म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानातून रडारने केलेली मोजणी. ती साधारण ९० मीटरच्या आणि ३० मीटरच्या जाळीत मिळते. दुसरी उतरवायला नासाच्या अर्थडेटावर मोफत खातं काढावं लागतं.

पठारावर आणि सौम्य उतारावर हे आकडे छान बसतात. कड्यावर नाही. तीस मीटरच्या एका चौकोनात माथा आणि खालची दरी दोन्ही आली तर मिळणारी उंची मधलीच काहीतरी असते, आणि कड्याच्या काठाने जाणारी सपाट वाट आलेखात दातेरी दिसते. झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरंही रडारने उंची म्हणून धरली आहेत. शिवाय ही मोजणी त्या वेळच्या जमिनीची आहे. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून काढली, पण या आकड्यांत ती अजून उभी आहे. तिथून सायकल नेलीत तर न केलेला चढ तुमच्या नावावर लागेल.

तुमच्या घड्याळात हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक असेल तर त्याचीच नोंद ठेवा, सुरुवातीचा आकडा तेवढा दुरुस्त करा.

उंचीच्या टाइल कोणत्या उतरवायच्या?

टाइल म्हणजे एसआरटीएमच्या आकड्यांचा एक चौकोनी तुकडा. जीपीएसप्रून त्या आपण होऊन आणतं. क्यूमॅपशॅकसाठी हाताने उतरवणाऱ्यांना मात्र आपल्या भागात एक गंमतीची अडचण येते. प्रत्येक टाइल एक अंश बाय एक अंशाची असते आणि तिला नैर्ऋत्य कोपऱ्याचं नाव असतं. आता ७३ रेखांश ठाणे शहराच्या जरासा पूर्वेकडून जातो आणि १९ अक्षांश पनवेलच्या जरासा उत्तरेकडून. म्हणून येऊर आणि घोडबंदर ‘एन१९ई०७२’ मध्ये. बेलापूर, खारघर, कल्याण, माहुली ‘एन१९ई०७३’ मध्ये. पनवेल, कर्नाळा, प्रबळगड ‘एन१८ई०७३’ मध्ये. आणि उरण ‘एन१८ई०७२’ मध्ये. ठाण्याहून सायकलने कर्नाळ्याला गेलात तर तीन टाइल ओलांडता. चारही एकदाच उतरवून ठेवा.

एकाच गडाची एकूण चढाई प्रत्येकाच्या फाइलमध्ये वेगळी का येते?

कारण उंचीची नोंद सतत वरखाली थरथरते आणि ती प्रत्येक थरथर चढ म्हणून मोजली जाते. बिंदू जितके दाट, तितकी चढाई फुगते. क्यूमॅपशॅकमध्ये उंचीचा आलेख मऊ करणारी मध्यक गाळणी आहे, ती लावून मग आकडा सांगा. ट्रॅक पाठवताना पायथ्याची आणि माथ्याची उंची सांगणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

फोटो ट्रॅकवर बसवले तर सगळे भलत्याच जागी जातात.

साडेपाच तासांचा फरक तपासा. जीपीएक्समध्ये वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते आणि कॅमेऱ्यात भारतीय प्रमाणवेळ. सकाळी १०:०० चा फोटो ट्रॅकमधल्या ०४:३० शी जुळायला हवा. संगणकाचा टाइम झोन भारताचा आहे का, तेही पाहा. उरलेला मिनिटा-दोन मिनिटांचा फरक कॅमेऱ्याचं घड्याळ मागेपुढे असल्याने येतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे ट्रेक सुरू करताना मोबाइलवरच्या घड्याळाचाच, सेकंद दिसतील असा, एक फोटो काढून ठेवणं. जुळणी करताना तोच फरक भरायचा. फोटोंत जागा लिहिण्याआधी त्यांचीही प्रत ठेवा.

वेपॉइंटला ‘शिडी’, ‘पाण्याचं टाकं’ अशी मराठी नावं दिली, पण पुढच्याला नुसती प्रश्नचिन्हं दिसतात.

जीपीएक्स निर्यात करताना अक्षरांची सांकेतिक पद्धत विचारली जाते, तिथे यूटीएफ-८ निवडा. विंडोजवर सिस्टीमची पद्धत राहिली तर देवनागरी हरवते. यंत्रच जुनं असेल आणि त्याला देवनागरी उमटवता येत नसेल, तर त्याच्यासाठी रोमन नावांची वेगळी प्रत काढा. मुख्य फाइल मराठीतच ठेवा. पायथ्याच्या गावातल्या वाटाड्याला ती दाखवता येते, आणि तो चुका सुधारून देतो.

सेव्ह केलं, पण ती फाइल मोबाइलवर उघडत नाही.

जीपीएसप्रूनमध्ये ‘सेव्ह’ केलं की साधी मजकूर फाइल तयार होते. मोबाइलसाठी ‘एक्सपोर्ट जीपीएक्स’ वापरा. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि समोरच्याकडे नावाच्या शेवटी जीपीएक्सच राहिलंय ना, एवढं विचारा.

पाठवण्याआधी आणखी काय पाहावं?

घराजवळचा भाग काढा. बरेच जण सोसायटीच्या गेटपाशीच रेकॉर्डिंग सुरू करतात, आणि घर कुठे, माणूस कधी बाहेर असतो हे त्या फाइलमधून अनोळखी लोकांपर्यंत पोहोचतं. एकट्याने फिरणाऱ्या मुलींनी तर हे आवर्जून करावं. निर्यात करताना वेळेच्या नोंदी वगळण्याचीही सोय आहे, पण त्या गेल्या की वेग आणि फोटोंची जुळणीही जाते. म्हणून पाठवायच्या प्रतीतूनच वगळा.

फाइलच्या नावात महिना आणि वर्ष लिहा. जुलैतली वाट आणि जानेवारीतली वाट एक नसते; ओढे वाढतात, गवतात फाटे लपतात, दरड आली तर वाटच बदलते.

येऊरचा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय जिथे जाता येत नाही तिथले ट्रॅक सर्वांना पाठवू नका, मग ते कितीही सुंदर असोत. आपण एक रेष पाठवतो आणि तिच्यामागून शंभर पावलं जातात. तिथे बिबटे आहेत आणि पाडेही. खारघरच्या पांडवकड्यासारख्या जागांवर पावसाळ्यात बंदी येते, ती आहे का ते विचारूनच तिथला ट्रॅक द्या.

माझा ट्रॅक ओपनस्ट्रीटमॅपवर देता येईल का?

जरूर द्या. मोफत खातं काढून जीपीएक्स चढवता येते, आणि सह्याद्रीतल्या कित्येक पायवाटा अशाच कुणाच्या तरी नोंदीवरून नकाशावर आल्या आहेत. चढवताना वेळेच्या नोंदी ठेवा, तिथे त्या उपयोगी पडतात. पायवाट स्वतः रेखाटणार असाल तर आपल्या ट्रॅकवरून आणि तिथे परवानगी असलेल्या चित्रांवरूनच रेखाटा. गूगलच्या चित्रांवरून गिरवणं परवान्यात बसत नाही. वाट आधीच नकाशावर असेल आणि तुमचा ट्रॅक चार-पाच मीटर बाजूला पडत असेल, तर ती हलवू नका, दोन-तीन जणांचे ट्रॅक एकमेकांवर ठेवून पाहा. सगळे एकाच बाजूला पडले तरच वाट सरकवा आणि का सरकवली ते बदलाच्या नोंदीत लिहा.